शहरालगतच्या डोंगरावरचा पॉइंट: पहाटे जावं की दुपारनंतर?

खिडकीतला_डोंगर

शहराच्या पश्चिमेला डोंगर आहे आणि त्याच्या पूर्व कडेवर पॉइंट. तिथे जायचं ठरवतो आहे. नकाशावरून काढलेले आकडे असे: पॉइंट शहराच्या पातळीपेक्षा ५५० मीटर उंच. गाडी ३७० मीटरपर्यंत जाते, पुढे अडीच किलोमीटर पायवाट आणि १८० मीटर चढ. शहराचा मध्यभाग पॉइंटपासून ८ किलोमीटरवर. शहराच्या पलीकडे, पॉइंटपासून ४५ किलोमीटरवर दुसरी डोंगररांग, तिचं मुख्य शिखर शहरापेक्षा ९०० मीटर उंच. सोबत सत्तरीतले दोघे आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं.

जो तो एकच सांगतो, "पहाटे जा, हवा स्वच्छ असते." हे कितपत खरं? समोरची रांग त्या दिवशी दिसणार की नाही हे घरबसल्या कळतं का? आणि घाट उतरताना, फोटो काढताना कशाची काळजी घ्यायची? फोटो मोबाइलवरच काढायचे आहेत.

पायवाट

पहाटेचा सल्ला पश्चिमेकडे तोंड असलेल्या पॉइंटसाठी ठीक आहे. तुमचा पॉइंट पूर्वेकडे बघतो, म्हणजे सकाळी सूर्य थेट समोर. मधल्या हवेतल्या धूळ-धुराच्या कणांवर पडलेला उजेड बहुतांश पुढच्याच दिशेने, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडे, विखुरतो. त्यामुळे तेवढंच धुरकं सूर्याकडे बघताना पांढऱ्या पडद्यासारखं दिसतं आणि सूर्य पाठीशी असताना जाणवतही नाही. शिवाय इमारतींच्या तुमच्याकडच्या बाजू सकाळी सावलीत असतात. त्यामुळे पॉइंट कुठल्या दिशेला बघतो ते आधी पाहायचं आणि वेळ त्यावरून ठरवायची.

तुमच्यासाठी दुपारनंतरची वेळ योग्य, पण फार उशीर करून चालणार नाही, कारण डोंगराची सावली शहरावर सरकत जाते. ५५० मीटर उंचीची सावली सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना दीड किलोमीटर पडते, १० अंशांवर ३.१ किलोमीटर, ५ अंशांवर ६.३ किलोमीटर. म्हणजे पायथ्याच्या वस्त्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारतात आणि दूरचा भाग मात्र उन्हात चमकत राहतो. अशा वेळी डोळ्यांना छान वाटतं, कॅमेऱ्याची पंचाईत होते.

अंश मोजायला उपकरण लागत नाही. हात ताठ पुढे धरला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिज आणि सूर्य यांच्यात दोन मुठी मावल्या की समजायचं २० अंश. उष्ण कटिबंधात सूर्य ताशी १३-१४ अंशांनी उतरतो, म्हणजे दोन मुठी असताना सूर्यास्ताला जवळपास दीड तास उरलेला असतो. उत्तरेकडच्या देशांत हे गणित चालत नाही. तिथे सूर्य तिरका उतरतो, आणि ५० अंश अक्षांशावर डिसेंबरअखेर तर भरदुपारीही तो साडेसोळा अंशांच्या वर जात नाही.

सूर्यास्ताआधी अडीच तास ते एक तास, हा दीड तास पॉइंटवर मिळेल असं बघा.

चालण्याचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा. नियम १८९२ सालचा आहे पण अजून कामाला येतो: दर किलोमीटरला १२ मिनिटं, वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. अडीच किलोमीटरची ३० आणि १८० मीटर चढाची १८, मिळून ४८ मिनिटं. हा वेळ न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना दीडपट, म्हणजे ७२ मिनिटं धरा. उतरताना वेळ वाचेल असं गृहीत धरू नका. मुरूम पसरलेला घसारा असेल तर गुडघे दुखणाऱ्याला चढापेक्षा उतारालाच जास्त वेळ लागतो. ज्येष्ठांना काठी द्याल तर दोन द्या, आणि उतरताना ती कोपराच्या काटकोनापेक्षा थोडी लांब करून द्या.

हवापालट

दिशेबद्दल वर आलं आहेच, हवेबद्दल लिहितो. "पहाटे हवा स्वच्छ" हे शहराच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन तापते तशी निवतेही झपाट्याने. तिच्यालगतची हवा गार होऊन खाली साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रभराचा धूर, धूळ, वाहनांचं प्रदूषण त्या झाकणाखाली कोंडतं. त्यात पहाटे आर्द्रता सर्वाधिक असते. ती ७०-८० टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतले क्षारयुक्त कण पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच प्रदूषणात दृश्य आणखी धूसर होतं. ऊन चढून जमीन तापली, खालची हवा वर उठू लागली की झाकण फुटतं. थंडीच्या दिवसांत याला सूर्योदयानंतर दोन-चार तास सहज लागतात.

पहाटेचा एक फायदा मात्र आहे. झाकण पॉइंटच्या खाली असेल तर तुम्ही स्वच्छ हवेत उभे असता, शहर तपकिरी थराखाली बुडालेलं असतं आणि दूरची शिखरं त्या थरातून वर डोकावताना दिसतात. कधी थराच्या जागी ढगांचा समुद्र असतो. सूर्य पाठीमागे आणि ढग समोर खाली असतील तर आपल्याच सावलीभोवती रंगीत कडी दिसतात, तेच इंद्रवज्र. पण तुमच्या पॉइंटवर पहाटे सूर्य पाठीमागे नसतोच, तेव्हा त्यासाठी तरी झोपमोड करू नका.

आता घरबसल्या अंदाज. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, पॉइंट ढगात आहे का. शहराचं तापमान आणि दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते) यांतला फरक घ्या आणि त्याला १२५ ने गुणा. जो आकडा येईल तितके मीटर वर ढगाचा तळ असतो. तापमान २६ आणि दवबिंदू २२ असेल तर फरक ४, म्हणजे तळ ५०० मीटरवर आणि तुमचा ५५० मीटरचा पॉइंट ढगाच्या पोटात. फरक ७ असेल तर तळ ८७५ मीटरवर, निवांत जा. हे गणित दिवसा, हवा नीट ढवळलेली असताना लागू पडतं. पहाटेच्या साचलेल्या हवेला लावलं तर उत्तर चुकतं.

शहरात विमानतळ असेल तर तिथला मेटार, म्हणजे वैमानिकांसाठीचा हवामान अहवाल, याहून बरा. तो बहुतेक ठिकाणी दर अर्ध्या तासाने किंवा तासाने निघतो आणि कुणालाही वाचता येतो. त्यात "२६/२२" अशी तापमान-दवबिंदूची जोडी असते. ढगांसाठी "बीकेएन०१८" असं काही असेल तर आकाशाचे आठपैकी पाच ते सात भाग झाकलेले आहेत आणि ढगाचा तळ १,८०० फुटांवर आहे. १,८०० फूट म्हणजे ५४९ मीटर, नेमका तुमच्या पायाशी. ही उंची विमानतळापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. इथे पुष्कळजण फसतात.

दुसरी, दृश्यमानता. मेटारमध्ये "९९९९" दिसलं की लोक खूश होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की दृश्यमानता १० किलोमीटर किंवा त्याहून जास्त आहे. १२ असली तरी ९९९९ आणि ९० असली तरी ९९९९. शहराचा मध्यभाग दिसेल याची खात्री त्यातून मिळते, ४५ किलोमीटरवरच्या रांगेची नाही. दृश्यमानतेची व्याख्याच अशी आहे की त्या अंतरावर काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला फरक दोन टक्क्यांवर येतो. कॉशमीडरने १९२४ साली मांडलेल्या सूत्रात आकडे घातले तर: दृश्यमानता ६० किलोमीटर असेल तर ४५ किलोमीटरवरची रांग जेमतेम ५ टक्के फरकाने दिसते, दाखवावी लागते तेव्हा दिसते. १०० किलोमीटर असेल तर १७ टक्के, तेव्हा ती न दाखवताही दिसते.

एवढी दृश्यमानता कधी मिळते? पाऊस धूळ खाली बसवतो, पण थांबल्या थांबल्या निघू नका. ओल्या जमिनीतून वाफ उठते, दरीत धुकं भरतं. पाऊस संपून वारा फिरला, कोरडा झाला आणि दवबिंदू चार-पाच अंशांनी खाली आला की तो दिवस पकडायचा. सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा आकडा चालू तासाचा पाहा. चोवीस तासांच्या सरासरीत काल संध्याकाळचा धूरही मिसळलेला असतो.

खिडकीतला_डोंगर

दोघांचेही आभार. पहाटेचा बेत रद्द. एक शंका: ४५ किलोमीटरवरची रांग पृथ्वीच्या गोलाईमुळे झाकली तर जात नसेल? आणि मध्ये २० किलोमीटरवर ६८० मीटर उंचीची एक सोंड आहे, ती आड येईल का?

समोच्च_रेषा

गोलाईमुळे झाकलं जाणार नाही, सोंडेमुळे मात्र जाईल. गणित करून दाखवतो, म्हणजे इतर पॉइंटसाठीही वापरता येईल.

क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये हवं असेल तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या आणि ३.५७ ने गुणा. हवेतून प्रकाशकिरण किंचित खाली वळतो, तो धरला तर ३.८६. ५५० चं वर्गमूळ २३.५, म्हणजे सपाट मैदान असेल तर क्षितिज साधारण ९० किलोमीटरवर. ४५ किलोमीटर त्याच्या आतच.

आता सोंड. तुमचा डोळा ५५० वर, शिखर ९०० वर. दोघांना जोडणारी सरळ रेघ २० किलोमीटरवर ७०५ मीटर उंचीवर असते. कागदावर सोंड ६८०, म्हणजे २५ मीटरने सुटली असं वाटतं. पण मधली जमीन फुगलेली आहे. त्या जागेपासून दोन्ही टोकांची अंतरं २० आणि २५ किलोमीटर. त्यांचा गुणाकार ५००, त्याला १२.७४ ने भागलं की ३९ मीटर फुगवटा. हवेचा वळसा त्यातले पाचेक मीटर कमी करतो, राहिले ३४. ७०५ वजा ३४ म्हणजे ६७१. सोंड त्याहून ९ मीटर उंच. शिखराचा माथा झाकला.

निराश होऊ नका, ९ मीटर म्हणजे काठावरची गोष्ट आहे. नकाशावर शिखराची उंची नेमकी दिलेली असते, सोंडेची मात्र समोच्च रेषांवरून अंदाजाने काढलेली. दोन रेषांत २० मीटरचं अंतर असेल तर चूक तेवढीच असू शकते. शिवाय सोंड सगळीकडे सारख्या उंचीची नसते. पॉइंट आणि शिखर जोडणारी रेघ सोंडेला नेमकी कुठे छेदते ते पाहा, तिथे खिंड असेल तर प्रश्नच मिटला. पीकफाइंडरसारखं ॲप भूरूपाच्या आकड्यांवरून हेच करतं, घरी बसूनही पॉइंटची जागा देऊन बघता येतं. पण झाडं आणि इमारती त्यात नसतात. सोंडेवर जंगल असेल तर त्याची उंची वेगळी मिळवा.

शिखर ओळखायला दिशा लागते, आणि मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीजवळ हमखास बहकतं. कठड्यापासून तीन-चार मीटर मागे या, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, मग वाचा. ४५ किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे ७८५ मीटरची चूक, त्यामुळे शेजारचं शिखर आपलं वाटू शकतं.

दुर्बीण घ्याल तर ८×४२ घ्या. १०×५० हातात स्थिर राहत नाही, मुलांच्या तर नाहीच.

घाटउतार

गाडीबद्दल. चढताना फार काही बिघडत नाही, बिघडतं ते उतरताना, आणि तेही शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये.

माणसांसकट १,५०० किलोची गाडी ३७० मीटर खाली येते तेव्हा साधारण ५४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सोळा लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. न्यूट्रलमध्ये उतरलात तर ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. म्हणून जुना नियम: ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. आताच्या गाड्यांना एक गिअर आणखी खाली लागला तरी बिचकू नका. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. काटा लाल पट्ट्याच्या आत असला की बास. ऑटोमॅटिक असेल तर डी सोडून एल, २ किंवा मॅन्युअल. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नका. वळणाआधी ठोस दाबून वेग कमी करा आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक निवतात.

इंजिन बंद करून उतरणारे अजून सापडतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं. त्यात वाचलेलं पेट्रोल शून्य, कारण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना आधुनिक इंजिन इंधन तोडूनच टाकतं.

ब्रेक तापल्याचे दोन प्रकार आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पेडल टणक पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो, तेव्हा पॅड किंवा लायनर तापून गुळगुळीत पडले आहेत. पेडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. हा प्रकार जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ लाही उकळू शकतं. दोन वर्षांत बदललं नसेल तर घाटाआधी बदला. पेडल मऊ लागलं तर भराभर पंप करा, गिअर खाली टाका, डोंगराच्या बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास थांबूनच राहा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते किंवा तडकते. हँडब्रेक करकचून ओढण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यात सोडून जाऊ नका.

स्कूटरवाल्यांसाठी: सीव्हीटी, म्हणजे बिनगिअरच्या, स्कूटरला इंजिनचा आधार थोडाच, आणि वेग कमी झाला की क्लच सुटून तोही जातो. अगदी किंचित थ्रॉटल ठेवलं तर क्लच धरून राहतो. पुढचा-मागचा ब्रेक मिळून, टप्प्याटप्प्याने.

अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, उतारावरून मागे घेणं सोपं नसतं. धुकं लागलं तर डिपर म्हणजे खालचा झोत. वरचा झोत धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. वाहनतळावर गाडी आल्या आल्या फिरवून, तोंड बाहेर करून लावा. अंधारात दरीच्या बाजूला रिव्हर्स घेण्याची वेळ येत नाही. आणि फाटक किंवा चौकी असेल तर ती किती वाजता बंद होते हे जातानाच विचारा.

खिडकीतला_डोंगर

गाडी इलेक्ट्रिक आहे. तिला गिअर नाही. मग?

घाटउतार

मग तुमचं काम आणखी सोपं. ब्रेकिंगची वीज बॅटरीत परत जाते, यालाच रिजेन म्हणतात. ते सर्वांत जास्तवर ठेवा. अट एकच: बॅटरी शंभर टक्के भरलेली नको, कारण मग वीज ठेवायला जागा नसते आणि रिजेन जवळपास बंद पडतं. तुमच्या उताराची सगळी ऊर्जा दीड युनिट. ४० युनिटच्या बॅटरीत ती चार टक्क्यांपेक्षा कमी. चढून जाताना त्याहून जास्त खर्च झालेली असते, त्यामुळे वर चार्जर असला तरी काठोकाठ भरू नका, इतकंच.

निळी_वेळ

फोटो. समोच्च_रेषा यांनी शिखराचं लिहिलं, त्याला जोडून: ४५ किलोमीटरवर भोवतालच्या रांगेपेक्षा ४०० मीटर वर आलेलं शिखर अर्धा अंश भरतं, पौर्णिमेच्या चंद्राएवढं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण ७० अंश रुंदी ४,००० पिक्सेलमध्ये मावते, म्हणजे तुमचं शिखर ३० पिक्सेल उंच. डोळ्याला भव्य वाटणारी रांग फोटोत मुंगीएवढी येते ती यामुळे. खरी टेलीफोटो लेन्स पाचपट असेल तर १५० पिक्सेल मिळतात, ती वापरा. त्यापुढचा डिजिटल झूम म्हणजे कापून मोठं करणं, ते घरीही करता येतं.

सर्वांत आधी लेन्स पुसा. हे हास्यास्पद वाटतं, पण बोटाच्या तेलाने रात्रीच्या प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते आणि ती नंतर काढता येत नाही.

दुपारनंतरच्या फोटोसाठी शहराच्या उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्यखूण थोडी खाली ओढा, पाऊण स्टॉपएवढी (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). धुरक्यात कॅमेरा आपणहून दृश्य जास्त उजळ करतो आणि उरलासुरला फरकही घालवतो. नंतर फोटो-ॲपमधली डीहेझची, म्हणजे धुरकं कमी करणारी, पट्टी वापरायची तर हलक्या हाताने, नाहीतर आकाशात डाग उमटतात. पोलरायझर घेऊ का असा प्रश्न येणारच: तो सूर्याशी काटकोनात बघताना उपयोगी पडतो. तुमच्याकडे सूर्य पाठीशी, म्हणजे परिणाम नगण्य. पैसे वाचवा.

दिव्यांच्या फोटोची वेळ सूर्यास्तानंतर १५ ते ३० मिनिटं. तेव्हा आकाशाचा उजेड आणि शहराचे दिवे बरोबरीला येतात. आधी काढलेत तर दिवे फिके, नंतर काढलेत तर आकाश काळं ठिक्कर. उष्ण कटिबंधात ही खिडकी लवकर मिटते, तेव्हा तीन-तीन मिनिटांनी काढत राहा, कुठला जमला ते खाली उतरून ठरवा. फोन ट्रायपॉडवर किंवा दगडावर टेकवा, टायमर तीन सेकंद. कठड्यावर टेकवू नका, कुणी हात टेकला तरी तो थरथरतो. वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी लटकवा, पण ती जमिनीला टेकेल इतकी खाली, नाहीतर लंबकासारखी झुलून उलट हलवते.

पायवाट

दिव्यांसाठी थांबायचं तर अंधारात अडीच किलोमीटर उतरणं आलं. सत्तरीतल्या दोघांना आणि मुलांना घेऊन मी तरी हा सल्ला देणार नाही. ३७० मीटरवरच्या वाहनतळावरून शहर दिसत असेल तर उजेडात खाली या आणि दिवे तिथून बघा. थांबायचंच असेल तर प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च, दोघांत एक नव्हे. हातातल्या टॉर्चने एक हात अडकतो, आणि मोबाइलचा टॉर्च फोटो काढून काढून आधीच संपलेल्या बॅटरीवर चालतो.

कड्याजवळचा एकच नियम मुलांना पाठ करून द्या: डोळे स्क्रीनवर असताना पाय हलवायचे नाहीत. आधी जागा बघायची, उभं राहायचं, मग फोन वर. कठड्याला रेलू नका. लोखंडी खांब गंजतो तो जमिनीलगत, जिथे पाणी साचतं, आणि वरून रंग लावलेला असला की दिसत नाही. कठडा नसेल तिथे कडेपासून किमान आपल्या उंचीएवढं अंतर. गवत कडेच्या पलीकडे वाढलेलं असतं, त्याखाली जमीन असेलच असं नाही.

विजेचं: चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतू नका. भिंती नसलेला निवारा, एकटं झाड, लोखंडी कठडा या तिन्हींपासून लांब. पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी सुरक्षित.

खिडकीतला_डोंगर

ठरलं असं: सूर्यास्त ६:२० ला आहे. वाहनतळ २:३५ ला सोडायचा, ७२ मिनिटं धरून ३:५० च्या आत वर. ५:२० ला उतरायला सुरुवात, ६:३० ला वाहनतळावर, दिवे तिथून. सोंडेवर रेघ छेदते तिथे नकाशात खिंड दिसते आहे, त्यामुळे शिखराची आशा आहे. काही राहिलं का?

समोच्च_रेषा

एक राहिलं. ६:२० ही वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची. तुमचा पॉइंट डोंगराच्या पूर्व कडेवर आहे, मग पाठीमागे पश्चिमेला काय आहे? मुख्य धार पॉइंटपेक्षा उंच असेल तर सूर्य तिच्याआड आधीच जातो. धार १३० मीटर उंच आणि ९०० मीटर मागे असेल तर ती आकाशाचे आठ अंश झाकते, म्हणजे पॉइंटवरचं ऊन ६:२० ऐवजी पावणेसहाच्या सुमारास संपतं. शहरावरच्या सावलीचं गणितही मग ५५० ने नाही, धारेच्या ६८० ने करायचं: सूर्य १० अंशांवर असताना सावली ३.१ ऐवजी ३.९ किलोमीटर, धारेपासून मोजलेली.

पायवाट त्या धारेच्या सावलीच्या बाजूने असेल तर उतरतानाचा शेवटचा अर्धा तास तुम्ही धरलाय त्यापेक्षा अंधारा जाईल, झाडी असेल तर आणखीच. सगळा कार्यक्रम अर्धा तास अलीकडे ओढा. निघणं २:०५ ला, परतीची सुरुवात ४:५० ला. जॅकेट पिशवीच्या तळाशी नको, ऊन गेलं की धारेवरून वारा खाली उतरतो.

खिडकीतला_डोंगर

नकाशा पाहिला. धार आहे, १०० मीटरच्या वर. दोन-पाचला निघतो.